रक्तघडणीचे विकार आणि उंदराचे प्रारूप : एका वादाची सद्यःस्थिती

प्रश्नाचे स्वरूप

प्रौढ माणसाच्या अस्थिमज्जेत, म्हणजे हाडांच्या पोकळीतील मऊ ऊतकात, दररोज सुमारे दोनशे अब्ज तांबड्या पेशी तयार होतात आणि त्यांच्या जोडीने पांढऱ्या पेशी व रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या बिंबिका (प्लेटलेट) यांचीही अखंड निर्मिती चालू असते. या साऱ्या पेशींचे मूळ रक्तमूलपेशींत असते. स्वतःसारखी दुसरी मूलपेशी निर्माण करणे आणि त्याच वेळी रक्तातील कोणत्याही प्रकारच्या पेशीचा वंश सुरू करणे, अशी दुहेरी क्षमता ज्या पेशीत असते तिला रक्तमूलपेशी म्हणतात. मूलपेशीपासून पक्व पेशीपर्यंतच्या या वाटचालीत कोठेही खंड पडला की विकार उद्भवतो. मज्जाच हळूहळू निकामी करणारा फॅन्कोनी अॅनिमिया, केवळ तांबड्या पेशींची निर्मिती खुंटवणारा डायमंड-ब्लॅकफन अॅनिमिया, हिमोग्लोबिनच्या साखळ्यांचा समतोल बिघडवणारा थॅलेसेमिया, उतारवयात पेशींची घडण विस्कटून टाकणारा मायलोडिस्प्लासिया ही त्याची ठळक उदाहरणे होत.

या विकारांचा उगम पुष्कळदा गर्भावस्थेत किंवा रोग प्रकट होण्याच्या कित्येक वर्षे आधी झालेला असतो, आणि रुग्णाच्या मज्जेचा नमुना पुन्हा पुन्हा काढून त्या उगमापर्यंत पोहोचणे शक्य नसते. त्यामुळे गेली सत्तर-पंचाहत्तर वर्षे या क्षेत्राने उंदराचा आधार घेतला आहे. एखाद्या मानवी विकाराचे जनुकीय कारण उंदरात मुद्दाम निर्माण करून त्याचा परिणाम तपासणे, यालाच त्या विकाराचे उंदरातील प्रारूप म्हणतात. अशा प्रारूपावरून काढलेले निष्कर्ष माणसाला कितपत लागू पडतात, याविषयी मात्र आजही एकवाक्यता नाही.

पूर्वपीठिका

या अभ्यासाची सुरुवात दुसऱ्या महायुद्धानंतर किरणोत्साराच्या दुष्परिणामांच्या संशोधनातून झाली. मारक मात्रेचे किरण दिलेल्या उंदराची प्लीहा शिशाच्या आवरणाने झाकून ठेवली तर तो वाचतो, असे लिऑन जेकबसन यांनी १९४९ मध्ये दाखवले. पुढे निरोगी मज्जा टोचूनही तोच परिणाम साधतो असे दिसल्यावर, हे संरक्षण एखाद्या रासायनिक द्रव्यामुळे मिळते की जिवंत पेशींमुळे, असा वाद काही वर्षे चालला. किरण दिलेल्या उंदरांत नव्याने वाढलेल्या रक्तपेशी दात्याच्याच आहेत हे गुणसूत्रांवरील खुणेच्या साहाय्याने १९५६ मध्ये सिद्ध झाले आणि तो वाद मिटला. आजच्या अस्थिमज्जा-प्रत्यारोपणाचा वैचारिक पाया या प्रयोगांत आहे.

टोरांटो येथील जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅकलॉक यांनी १९६१ मध्ये केलेले निरीक्षण त्याहूनही दूरगामी ठरले. किरण दिलेल्या उंदरांना मज्जेच्या पेशी टोचल्यावर सुमारे दहा दिवसांनी त्यांच्या प्लीहेवर बारीक गाठी दिसत आणि गाठींची संख्या टोचलेल्या पेशींच्या प्रमाणात वाढे. प्रत्येक गाठ एकाच पेशीपासून वाढलेली असते आणि तिच्यात एकाहून अधिक प्रकारच्या रक्तपेशी सापडतात, हे त्यांनी सहकाऱ्यांसह लवकरच दाखवून दिले. मूलपेशी ही तोवर केवळ कल्पना होती. या प्रयोगांमुळे ती मोजता येण्याजोगी वस्तू झाली. (प्लीहेत गाठ निर्माण करणाऱ्या सर्वच पेशी खऱ्या अर्थाने मूलपेशी नसतात, हे नंतर स्पष्ट झाले, परंतु मोजण्याची रीत पक्की झाली ती या प्रयोगांमुळेच.)

याच काळात अमेरिकेतील बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत एलिझाबेथ रसेल निसर्गतः उत्परिवर्तन झालेल्या दोन उंदीर-वंशांचा अभ्यास करत होत्या. ‘डब्ल्यू’ आणि ‘स्टील’ या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या या वंशांतील उंदीर वरकरणी अगदी सारखे दिसत : अंगावर पांढरे डाग, तीव्र रक्तक्षय आणि वंध्यत्व. परंतु निरोगी मज्जा टोचल्यावर ‘डब्ल्यू’ उंदराचा रक्तक्षय बरा होई आणि ‘स्टील’ उंदराचा होत नसे. उलट ‘स्टील’ उंदराची मज्जा मात्र ‘डब्ल्यू’ उंदराला बरे करू शके. एकात बी सदोष होते आणि दुसऱ्यात जमीन, असा याचा अर्थ निघाला. ‘डब्ल्यू’ जनुक मूलपेशीच्या पृष्ठभागावरील किट नावाचा ग्राहक घडवते हे १९८८ मध्ये, तर ‘स्टील’ जनुक त्या ग्राहकाला चिकटणारे वाढ-द्रव्य घडवते हे १९९० मध्ये कळले. रक्तविकार पेशीत असतो की तिच्या परिसरात, हा आजही केंद्रस्थानी असलेला प्रश्न याच जोडीतून उभा राहिला. माणसात किट जनुकाच्या दोनपैकी एका प्रतीत दोष असल्यास कपाळावरची पांढरी बट आणि त्वचेवरील डाग दिसतात, रक्तक्षय मात्र होत नाही, ही गोष्ट येथे विसरता येत नाही.

जनुक निवडून बंद पाडण्याचे तंत्र

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात मारिओ कॅपेकी, मार्टिन इव्हान्स आणि ऑलिव्हर स्मिथीज यांच्या कामामुळे उंदरातील हवे ते जनुक नेमके बंद पाडता येऊ लागले. या कामाला २००७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याचा सर्वांत आधी फायदा घेणाऱ्या शाखांत रक्तविज्ञान होते. गाटा-१ हे जनुक इतर जनुकांचे चालू-बंद होणे नियंत्रित करणारे प्रथिन घडवते. ते निकामी केलेल्या पेशींपासून तांबडी पेशी तयारच होत नाही, हे १९९१ मध्ये दिसले. रन्क्स-१ हे जनुक नसलेले भ्रूण गर्भावस्थेच्या मध्यावरच मरतात आणि त्यांच्यात कायमस्वरूपी रक्तनिर्मितीचा मागमूसही नसतो, हे १९९६ मध्ये कळले. भ्रूणातील रक्त प्रथम पीतककोशात दिसते, पक्व मूलपेशी महारोहिणीच्या परिसरात जन्मतात, मग यकृतात वाढतात आणि अखेरीस मज्जेत स्थिरावतात, हा आज पाठ्यपुस्तकांत असणारा क्रम मुख्यतः उंदराच्या भ्रूणांवरून उलगडला. माणसात तो पडताळून पाहता आला, तो हा आराखडा आधी हाती असल्यामुळेच.

भारतातील कामाचेही एक उदाहरण येथे नोंदवण्याजोगे आहे. बंगळुरू येथील जवाहरलाल नेहरू प्रगत विज्ञान संशोधन केंद्रात मनीषा इनामदार यांच्या गटाने ‘असृज’ असे नाव दिलेल्या जनुकाचा माग फळमाशीपासून उंदरापर्यंत काढला. हे जनुक नसलेल्या उंदरांत मूलपेशींची विश्रांतावस्था भंग पावते आणि रक्तपेशींची बेसुमार वाढ होते, हे या गटाने २०१९ मध्ये प्रसिद्ध केले.

दोष तोच, रोग मात्र नाही

अडचणी सुरू झाल्या त्या मानवी रोगाचे जनुक सापडल्यावर तोच दोष उंदरात निर्माण केला जाऊ लागला तेव्हा. रन्क्स-१ ची एक प्रत सदोष असलेल्या कुटुंबांत बिंबिका कमी असतात आणि रक्ताच्या कर्करोगाचा धोका आयुष्यभर राहतो. उंदरात तीच अवस्था निर्माण केली असता बिंबिकांत किरकोळ घट होते आणि कर्करोग आपोआप होत नाही. डायमंड-ब्लॅकफन अॅनिमियाच्या सुमारे पाव रुग्णांत आरपीएस-१९ या जनुकाची एक प्रत सदोष असते, आणि हे जनुक रायबोसोमचा, म्हणजे पेशीतील प्रथिने जुळवणाऱ्या यंत्रणेचा, एक घटक घडवते. त्याची एक प्रत काढून टाकलेल्या उंदरांचे रक्त सर्वसाधारणच राहिले आणि दोन्ही प्रती काढल्यावर भ्रूण गर्भाशयात रुजण्यापूर्वीच मेला. स्वीडनमधील लुंड येथील गटाने २०११ मध्ये जनुक पूर्ण न काढता त्याचे कार्य हवे तेवढे मंदावण्याची युक्ती वापरली, तेव्हा कोठे रुग्णांत आढळणारा मोठ्या पेशींचा रक्तक्षय उंदरात दिसला. या उंदरांना ल्युसिन हे अमिनो आम्ल दिल्यावर सुधारणा झाली. रुग्णांवरील चाचणीत मात्र थोड्याच जणांना त्याचा लाभ झाला.

फॅन्कोनी अॅनिमियाची कथा या संदर्भात सर्वांत बोधप्रद आहे आणि तिच्याकडे सविस्तर पाहायला हवे. १९२७ मध्ये स्विस बालरोगतज्ज्ञ ग्विडो फॅन्कोनी यांनी वर्णन केलेल्या या विकारात डीएनएच्या दोन धाग्यांना एकमेकांशी जखडून टाकणारी इजा दुरुस्त होत नाही. वीसहून अधिक जनुकांपैकी कोणत्याही एकातील दोषाने तो होऊ शकतो. रुग्णांची मज्जा बहुधा बालपणीच निकामी होऊ लागते. १९९६ पासून यांपैकी एकेक जनुक नसलेले उंदीर तयार करण्यात आले. त्यांच्या पेशी अशी इजा करणाऱ्या औषधांना अतिसंवेदनशील होत्या, त्यांची प्रजननक्षमताही घटलेली होती, परंतु त्यांची मज्जा काही केल्या आपोआप निकामी होईना. उंदराला हा रोग होतच नाही, असा निष्कर्ष काढून येथेच थांबता आले असते.

केंब्रिज येथील के. जे. पटेल यांच्या गटाने प्रश्न उलटा केला : माणसाच्या मज्जेत रोजच्या रोज ही इजा करणारे असे काय आहे, ज्यापासून उंदीर बचावतो? अल्डिहाइड नावाची अतिक्रियाशील रसायने पेशीच्या स्वतःच्या चयापचयात निर्माण होतात आणि एरवी विकरे त्यांचा निचरा करतात. या निचऱ्याचे एक विकर आणि फॅन्कोनी मार्गाचे एक जनुक अशी दोन्ही एकदम बंद केल्यावर उंदरांत रक्ताचा कर्करोग उद्भवला आणि मज्जाही निकामी झाली. ही निरीक्षणे २०११ आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याचा मानवी पडताळा जपानमधून मिळाला. पूर्व आशियात पुष्कळांमध्ये अल्डिहाइडचा निचरा करणाऱ्या विकराचा दुर्बळ प्रकार असतो, आणि तो असलेल्या फॅन्कोनी रुग्णांची मज्जा लवकर खालावते, असे २०१३ मध्ये आढळले. २०२० मध्ये तर फॅन्कोनी जनुके शाबूत असूनही निचऱ्याची दोन विकरे सदोष असल्यामुळे मज्जा निकामी झालेली मुले ओळखण्यात आली, म्हणजे उंदरावरून बांधलेल्या तर्कातून माणसातील एक नवाच विकार स्पष्ट झाला. प्रारूपाचे अपयश नीट वाचले तर त्यातून रोगाचा लपलेला अर्धा भाग हाती लागतो, हे यापेक्षा ठसठशीतपणे दाखवणारे दुसरे उदाहरण या क्षेत्रात नाही.

सर्वच अपयशे अशी फलदायी ठरत नाहीत. मायलोडिस्प्लासियाच्या एका प्रकारात एसएफ३बी१ या जनुकात दोष असतो आणि तांबड्या पेशींच्या पूर्वजांत केंद्रकाभोवती लोहकणांचे कडे दिसते. तोच दोष असलेल्या उंदरांना रक्तक्षय झाला, पण ते कडे दिसले नाही. हे जनुक संदेश-आरएनएची काटछाट करणाऱ्या यंत्रणेचा भाग आहे, आणि ही काटछाट ज्या ठिकाणी चुकते ती ठिकाणे जनुकांमधील निरर्थक वाटणाऱ्या पट्ट्यांत असतात. त्या पट्ट्या माणूस आणि उंदीर यांच्यात जुळत नाहीत. येथील फरक प्रयोगाच्या कौशल्याने भरून काढण्याजोगा नाही, तो जनुकसंचाच्या रचनेतच आहे.

हिमोग्लोबिन : यश आणि त्याची मर्यादा

उंदराच्या प्रारूपाची उपयुक्तता आणि मर्यादा एकाच वेळी दिसते ती हिमोग्लोबिनच्या अभ्यासात. माणसात गर्भातील हिमोग्लोबिनची जागा जन्मानंतर प्रौढ हिमोग्लोबिन घेते. उंदरात मधली गर्भावस्थेतील अवस्था नाही, भ्रूणीय प्रकारावरून थेट प्रौढ प्रकारावर बदल होतो. १९९७ मध्ये उंदराची स्वतःची हिमोग्लोबिन जनुके काढून त्या जागी मानवी सिकलसेल जनुके बसवलेली दोन प्रारूपे सिद्ध झाली. लोकसंख्येच्या जनुकीय पाहण्यांतून बीसीएल-११ए हे जनुक पुढे आले होते. स्टुअर्ट ऑर्किन यांच्या गटाने २००९ मध्ये, हे जनुक गर्भीय हिमोग्लोबिनला दाबून ठेवते, असे उंदरात दाखवले आणि २०११ मध्ये ते तांबड्या पेशींपुरते बंद करून सिकलसेलचे उंदीर बरे केले. याच तत्त्वावर आधारलेल्या जनुक-संपादन उपचाराला २०२३ च्या अखेरीस ब्रिटन व अमेरिकेत मान्यता मिळाली.

तरीही हा सरळ विजय नव्हे. या उपचारात बीसीएल-११ए च्या प्रवर्धकातील, म्हणजे जनुकाचे कार्य वाढवणाऱ्या डीएनए-पट्ट्यातील, जी निर्णायक जागा कापली जाते ती केवळ माकड-माणूस यांच्या कुळात आढळते. उंदराच्या प्रवर्धकाची मांडणी वेगळी आहे. म्हणून ती जागा मानवी पेशींतच शोधावी लागली. सिकलसेलवर भारतातही सर्रास दिले जाणारे हायड्रॉक्सियुरिया हे औषध सिकलसेलच्या उंदरांत गर्भीय हिमोग्लोबिन वाढवू शकत नाही आणि त्यामुळे त्यांना त्याचा अपेक्षित लाभही होत नाही. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार यांसारख्या जिल्ह्यांसाठी आणि १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेसाठी हा मुद्दा केवळ तात्त्विक नाही. भारतीय रुग्णांत बहुधा आढळणारी जनुकीय पार्श्वभूमी गर्भीय हिमोग्लोबिन मुळातच अधिक ठेवते, तरी रोगाची तीव्रता रुग्णागणिक बरीच बदलते. या बदलत्या तीव्रतेचे उत्तर आजच्या प्रारूपांकडे नाही.

थॅलेसेमियात आणि मायलोडिस्प्लासियात वापरले जाणारे लुस्पॅटरसेप्ट हे औषधही उंदरांतील यशावरून पुढे आले आणि २०१९ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. ते जीडीएफ-११ या प्रथिनाला अडवून काम करते, असे सुरुवातीला मानले गेले. परंतु ते प्रथिन नसलेल्या थॅलेसेमियाच्या उंदरांतही औषधाचा परिणाम कायम राहतो, असे त्याच वर्षी दिसले. औषध उपयोगी ठरले, त्याची कार्यपद्धती मात्र वादातच राहिली.

मानवी पेशींचा यजमान

उंदराच्या पेशींऐवजी माणसाच्याच पेशी उंदरात वाढवणे, हा दुसरा मार्ग १९८८ पासून खुला झाला. त्यासाठी प्रतिकारशक्ती नसलेले उंदीर लागतात. टोरांटोत जॉन डिक यांच्या गटाने अशा उंदरांत मानवी रक्तमूलपेशी रुजवल्या आणि १९९४ मध्ये रक्ताच्या कर्करोगातील मोजक्याच पेशी रोग नव्याने सुरू करू शकतात असे दाखवले. पुढे प्रतिकारशक्ती आणखी क्षीण केलेले, नंतर मानवी वाढ-द्रव्ये निर्माण करणारे आणि किरण न देताही मानवी पेशी स्वीकारणारे वंश तयार झाले. तांबड्या पेशींबाबत मात्र हे प्रारूप दीर्घकाळ अपुरे राहिले, कारण उंदराच्या भक्षकपेशी मानवी तांबड्या पेशी गिळून टाकत. २०२१ मध्ये उंदराचे यकृतही मानवी पेशींचे करून या अडचणीवर काही प्रमाणात मात करण्यात आली. यजमानाचा परिसर मात्र उंदराचाच राहतो, आणि ‘स्टील’ उंदराने शिकवलेला परिसराचा धडा येथे पुन्हा लागू होतो.

मतभेदाच्या बाजू

उंदराच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुख्य आधार असा की रक्तघडणीची मूळ यंत्रणा दोन्ही प्राण्यांत समान आहे, मूलपेशी सिद्ध करण्याची प्रत्यारोपणाची कसोटी जिवंत शरीरातच शक्य आहे, आणि काचपात्रात वाढवलेल्या पेशी गर्भ, प्लीहा, संसर्ग, वार्धक्य यांपैकी कशाचाच अनुभव देऊ शकत नाहीत.

विरोधी बाजूचे मुद्दे तितकेच ठोस आहेत. उंदराची तांबडी पेशी सुमारे चाळीस दिवस जगते, माणसाची एकशेवीस. उंदराच्या प्लीहेत प्रौढपणीही रक्तनिर्मिती चालू असते. त्याच्या रक्तात लिंफपेशींचे प्राबल्य असते, तर माणसात न्यूट्रोफिलचे. उंदीर आयुष्यभरात जितक्या तांबड्या पेशी बनवतो, साधारण तितक्या माणूस एका दिवसात बनवतो. तेव्हा दीर्घकाळ चाललेल्या पेशीविभाजनाच्या ताणातून होणारे रोग दोन वर्षांच्या प्राण्यात कसे दिसावेत, असा प्रश्न केला जातो. शिवाय प्रयोगशाळेतील उंदीर निर्जंतुक वातावरणात, एकसारख्या जनुकसंचासह वाढतात. एकच उत्परिवर्तन दोन वंशांत वेगवेगळ्या तीव्रतेचा रोग निर्माण करते, हे जेएके-२ या जनुकाच्या प्रारूपांत स्पष्ट दिसले आहे. फ्रान्समधील प्रतिकारशक्तीच्या विकारावरील जनुकोपचारात २००२ पासून काही मुलांना ल्युकेमिया झाला. त्या धोक्याची सूचना आधीच्या उंदीर-प्रयोगांनी दिली नव्हती. धोका ओळखणारी, कर्करोगप्रवण उंदरांवर आधारलेली चाचणी त्यानंतर विकसित झाली.

हा वाद आकडेवारीने मिटेल असे मानणाऱ्यांना एक प्रसंग विचारात घ्यावा लागतो. दाहाच्या वेळी रक्तातील पांढऱ्या पेशींची जनुके कशी प्रतिसाद देतात, याची तुलना करून उंदीर माणसाशी फारसा जुळत नाही, असा निष्कर्ष २०१३ मध्ये एका गटाने मांडला. २०१५ मध्ये दुसऱ्या गटाने तीच माहिती वेगळ्या निकषांनी तपासून जुळणी उत्तम आहे असे म्हटले. दोन्ही लेख एकाच नियतकालिकात प्रसिद्ध झाले. जुळणी कशाची मोजायची, हे आधी ठरले नसेल तर माहिती कितीही असली तरी निवाडा होत नाही.

तिसरी बाजू पर्यायांची आहे. रुग्णाच्या त्वचेच्या किंवा रक्ताच्या पेशींपासून बनवलेल्या बहुक्षम मूलपेशी, मज्जेची सूक्ष्म प्रतिकृती असलेले पेशीसमूह आणि पारदर्शक शरीराचा झेब्रामासा यांचा वापर वाढतो आहे. औषधाच्या मान्यतेसाठी प्राणी-चाचणीची सक्ती अमेरिकेने डिसेंबर २०२२ च्या कायद्याने काढून टाकली. भारतातही १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंध कायद्याखालील समितीची देखरेख अशा प्रयोगांवर असते. प्राण्यांचा वापर टाळणे, कमी करणे आणि त्यांच्या वेदना घटवणे, ही रसेल (वर आलेल्या एलिझाबेथ रसेल नव्हेत) आणि बर्च यांनी १९५९ मध्ये मांडलेली त्रिसूत्री आता सर्वमान्य आहे. ती या क्षेत्रात गांभीर्याने पाळली जाणे आवश्यक आहे, कारण मारक किरण आणि रक्तक्षय यांनी प्राण्याला होणारा त्रास अल्प नसतो. मात्र बहुक्षम पेशींपासून प्रत्यारोपणात टिकणारी खरी रक्तमूलपेशी नेहमीच्या वापरासाठी खात्रीने बनवता येत नाही, तोवर हे पर्याय उंदराची जागा पूर्णपणे घेऊ शकत नाहीत.

अनिर्णित राहिलेले

सर्वांत मूलगामी अनुत्तरित प्रश्न स्वतः प्रत्यारोपणाच्या कसोटीचा आहे. २०१४ आणि २०१५ मध्ये दोन गटांनी उंदराच्या पेशींना जागच्या जागी अनुवांशिक खुणा करून त्यांचा वंश तपासला. तेव्हा शांत, निरोगी अवस्थेत रोजचे रक्त मुख्यतः मूलपेशींच्या पुढच्या पायरीवरील पूर्वज पेशींतून येते आणि मूलपेशींचा सहभाग अपेक्षेपेक्षा कमी असतो, असे दिसले. हे खरे असेल तर किरण दिलेल्या उंदरात पेशी टोचून मिळवलेले ज्ञान आणीबाणीच्या रक्तनिर्मितीचे आहे, आणि जन्मजात विकारांतील मंद, वर्षानुवर्षे चालणाऱ्या बिघाडाला ते कितपत लागू करावे हे नव्याने ठरवावे लागेल. मूलपेशींच्या सहभागाचे नेमके प्रमाण किती, याबाबत गटागटांत अजून एकमत नाही.

दुसरा प्रश्न वार्धक्याचा. वय वाढते तशी टेट-२ किंवा डीएनएमटी-३ए या जनुकांत दोष असलेल्या एखाद्याच मूलपेशीचा वंश माणसाच्या रक्तात पसरत जातो, हे २०१४ मध्ये मोठ्या पाहण्यांतून कळले. टेट-२ नसलेल्या पेशी टोचलेल्या उंदरांत रोहिणीकाठिण्य वेगाने वाढते, हे २०१७ मध्ये दिसले. माणसात दशके घेणारी ही प्रक्रिया उंदरात काही महिन्यांत घडवून आणताना तिचा कोणता भाग गाळला जातो, हे अद्याप स्पष्ट नाही. निर्जंतुक पिंजऱ्याऐवजी नैसर्गिक जंतूंच्या सान्निध्यात वाढवलेले उंदीर वापरले तर संसर्ग आणि दाह यांचा वाटा अधिक खरेपणाने मोजता येईल अशी अपेक्षा आहे, पण अशा उंदरांत एका प्रयोगशाळेचे निष्कर्ष दुसरीकडे पुन्हा मिळवणे कठीण जाते.

गाटा-१ च्या आखूड रूपाने तिसरा पेच उभा केला आहे. डाउन सिंड्रोम असलेल्या काही नवजात बालकांत हे रूप बिंबिकांच्या पूर्वज पेशींची तात्पुरती बेसुमार वाढ घडवते. बहुतेकांत ती आपोआप ओसरते, काहींत पुढे ल्युकेमिया होतो. उंदरात तेच रूप गर्भाच्या यकृतात तशीच क्षणिक वाढ घडवते आणि प्रौढपणी तिचा मागमूस राहत नाही. वाढ का ओसरते, हे या प्रारूपाने बरेच समजावले. ती काही बालकांत का ओसरत नाही आणि एकविसाव्या गुणसूत्राच्या जादा प्रतीतील कोणती जनुके त्यास जबाबदार आहेत, याचा शोध अजून चालू आहे. माणसाच्या एकविसाव्या गुणसूत्रावरील जनुके उंदरात तीन वेगवेगळ्या गुणसूत्रांवर विखुरलेली असल्यामुळे तो शोध उंदरात अधिक अवघड झाला आहे.